शहाण्णव अंशांची कॉफी

रेफिकला कुणाचं मन दुखवायचं नव्हतं. त्याला फक्त चांगल्या कॉफीबद्दल चार शब्द बोलायचे होते. पण पर्वतारोहण मंडळाच्या बैठकीत चार शब्द बोललेल्या माणसाकडे पाचवा शब्द होईपर्यंत काम आलेलं असतं, हे वीस वर्षं सभासद असूनही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

बैठक मार्चमधली. मंडळाला पन्नास वर्षं होत होती आणि जूनच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी ब्येलाश्नित्सा डोंगराच्या माथ्यावर जाऊन केक कापायचा, असं ठरत होतं. केक कुणी उचलायचा यावर पाऊण तास गेला, झेंड्याच्या रंगावर एक तास. अध्यक्ष तिहोमिर हा निवृत्त मुख्याध्यापक. त्यामुळे बैठकीतून मधेच उठायची कुणाची टाप नव्हती. शेवटी तो चष्मा काढत म्हणाला, "आणि कॉफी नेहमीप्रमाणे हायरिया मावशी."

कोपऱ्यात विणत बसलेल्या हायरिया मावशींनी मान डोलावली. वय वर्षं शहात्तर. एकतीस वर्षं मंडळाच्या प्रत्येक सहलीत त्यांनी लांब दांड्याची तांब्याची भांडी आणि मोज्यांत गुंडाळलेल्या बिनकानाच्या वाट्या पाठीवर वाहून माथ्यावर कॉफी केली होती. धुक्यात केली, बर्फात केली, एकदा तर विजा चमकत असताना एका कड्याखाली बसून केली.

आणि इथे रेफिक बोलला. नुकताच तो मुलाकडे ल्युब्लियानाला पंधरा दिवस राहून आला होता. तिथे एका तरुण दाढीवाल्याने त्याला काचेच्या नरसाळ्यातून थेंब थेंब गाळलेली कॉफी पाजली होती आणि तेव्हापासून रेफिक पूर्वीचा रेफिक उरला नव्हता.

"मावशी, राग मानू नका," तो म्हणाला. या वाक्याने सुरू झालेल्या गोष्टीचं आजवर कधी भलं झालेलं नाही. "पण खरं सांगायचं तर आपण एकतीस वर्षं डोंगर चढून चिखल पितोय."

मावशींच्या सुया थांबल्या. रेफिकला वाटलं, आता कुणीतरी हसेल आणि प्रसंग निभावून जाईल. कुणी हसलं नाही.

"मग तू कर," तिहोमिर म्हणाला.

"मी असं म्हणत नव्हतो की..."

"लिहून घ्या. ठराव क्रमांक सात. सभासद रेफिक यांनी मंडळाची कॉफी चिखल असल्याचे निदर्शनास आणले. सबब, सुवर्णमहोत्सवी कॉफी तेच करतील. सूचक मी. अनुमोदन?"

हायरिया मावशींनी सुई धरलेला हात वर केला. "माझं."

ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे रेफिकचाही हात वर होता. सगळ्यांचे वर गेलेले पाहून त्याचा सवयीने गेला. भूमापन कार्यालयात तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा हात असाच जातो.

घरी आल्यावर त्याने बायकोला, मुबेराला, ही हकीगत अशी सांगितली की जणू मंडळाने त्याच्या गळ्यात पडून विनवण्या केल्या. मुबेरा भाजी चिरत होती. तिने एवढंच विचारलं, "हायरिया मावशींना तोंडावर चिखल म्हणालास?"

"मावशींना नाही. कॉफीला."

"हं," मुबेरा म्हणाली. या "हं"मध्ये काय काय बसतं, हे ज्याचं लग्न होऊन सत्तावीस वर्षं झालीत त्यालाच कळतं.

पुढच्या पंधरवड्यात मुलाने खोकं पाठवलं. त्यात हातानं फिरवायची दळणी होती, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा होता, काचेचं नरसाळं, त्याच्याखाली ठेवायचं काचेचं भांडं, दोनशे कागदी गाळण्या, बगळ्यासारख्या मानेची किटली आणि पाण्यात बुडवायचा तापमापक. रेफिकने हे सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं. ऑपरेशन थिएटर दिसू लागलं. त्या दिवसापासून मुबेरा आणि तो स्वयंपाकघरात उभे राहून जेवू लागले.

आता सारायेव्होत एखाद्या घरात कॉफीचा नवा प्रयोग चाललाय ही गोष्ट लपून राहणं अशक्य. तिसऱ्या दिवशी जिन्यावरून वास वर गेला आणि वरचा स्लावको खाली आला. स्लावकोने पस्तीस वर्षं शहराच्या गरम पाण्याच्या केंद्रात काढली होती. अर्ध्या शहराचे रेडिएटर त्याच्या हाताखालून गेलेले. तापमापक पाहताच त्याचे डोळे चमकले.

"काय शेजारी! पाणी कितीवर घेतोस?"

"उकळलं की घेतो."

स्लावकोने कपाळावर हात मारला. "उकळलं की! अरे, ही काय अंडी आहेत? शहाण्णव. शहाण्णव अंश, एक कमी नाही, एक जास्त नाही. शहाण्णवच्या खाली कॉफी आंबट. वर गेली की जळली. मी आयुष्यभर गरम पाण्यात काढलंय, मला शिकवू नकोस."

रेफिक त्याला काहीच शिकवत नव्हता. पण त्याने वहीत शहाण्णव लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मग दुसऱ्या मजल्यावरच्या बाई आल्या. त्यांचं म्हणणं, नळाच्या पाण्यात सगळा घोटाळा आहे, पाणी झऱ्याचंच हवं. समोरचे दंतवैद्य म्हणाले, दळताना दळणी उजवीकडेच फिरव, डावीकडे फिरवली तर दाणा दुखावतो. यातला प्रत्येकजण रोज संध्याकाळी एक पेला चाखायला येई, ओठ चाटत "उत्तम! हलकी आहे!" म्हणे आणि मग मुबेराकडे वळून हळूच विचारी, "वहिनी, आता जरा नेहमीची टाकता का? तोंड धुवायला."

रेफिकला हे दिसत होतं. पण थोर कार्याच्या आरंभी अशी उपेक्षा सोसावीच लागते अशी त्याने मनाची समजूत घातली. तो गच्चीवर सराव करू लागला. डोंगरावर वारा असणार, म्हणून मुबेराला केस वाळवायचं यंत्र हातात देऊन समोर उभं केलं.

"जोरात धर! ब्येलाश्नित्सावर याच्या दहापट असतो!"

"रेफिक, खालून लोक बघतायत."

"बघू देत. एका पेल्याला साडेतीन मिनिटं लागतायत. सुंदर!"

"बावीस माणसं आहेत ना?"

"हो."

मुबेराने यंत्र बंद केलं. "म्हणजे बाविसाव्या माणसाला सव्वा तास वारा खायचा."

"चांगल्या कॉफीची वाट बघावी लागते," रेफिक म्हणाला, आणि हे वाक्य त्याला इतकं आवडलं की सहलीत वापरायचं म्हणून त्याने तेही वहीत टिपून ठेवलं.

मध्येच परवान्याचं झेंगट उपटलं. माथ्यावर चूल पेटवायची तर लेखी परवानगी लागते असं दंतवैद्यांनी सांगितलं. हायरिया मावशींनी एकतीस वर्षांत असला कागद कधी काढला नव्हता, आणि नेमकं म्हणूनच रेफिकला तो काढावासा वाटला. काम कसं रीतसर व्हावं! कार्यालय कुठलं ते सांगण्यात अर्थ नाही. सगळीकडे खिडकी तीच आणि खिडकीतला माणूसही तोच असतो. त्याने अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाला, "यात कॉफी नाही."

"मीच लिहिलीय ना, ही बघा."

"तुमच्या अर्जात आहे. आमच्या नमुन्यात नाही. आमच्याकडे तीन रकाने आहेत. शेकोटी, राब जाळणे आणि मांस भाजणे. यातलं काय?"

"यातलं काहीच नाही."

"मग परवानगीही कशाची नाही."

रेफिक स्वतः सरकारी माणूस. अशा खिडकीच्या आतल्या बाजूला बसून त्यानेही कित्येकांना अशीच उत्तरं दिली होती, तीही याच सुरात. त्यामुळे त्याला रागावता येईना. चार खेपा झाल्या, अग्निशमन दलाचा दाखला झाला, मंडळाचं पत्र झालं आणि अखेर गोल शिक्क्याचा कागद हातात पडला. त्यावर लिहिलं होतं: "मांस भाजणे (कॉफी), बावीस इसम, एक गॅसची शेगडी."

जूनचा पहिला रविवार उजाडला. रेफिकच्या पिशवीचं वजन एकोणीस किलो भरलं. त्यात झऱ्याचं पाणीच सात किलो होतं. बसमध्ये पिशवीला वेगळी जागा लागली. पायथ्याशी तिहोमिरने विचारलं, "थोडं थोडं वाटून घेऊ का सगळे?"

"नको," रेफिक म्हणाला. "काच आहे."

खरं म्हणजे त्याला वाटून घ्यायला हवं होतं. पण मोठेपणाची पिशवी एकदा खांद्यावर चढली की मधेच कुणाच्या हातात कशी देणार? पहिल्या तासात तो घोळक्याच्या मध्यावर होता. दुसऱ्या तासात मागे पडला. त्यानंतर त्याच्या मागे एकच माणूस उरलं. हायरिया मावशी. त्यांच्या पाठीवर नेहमीची छोटी पिशवी होती आणि हातात काठी. दर वळणावर रेफिक धापा टाकत थांबला की मावशीही थांबत, वाकत आणि बुटाची नाडी बांधू लागत. पाचव्या वळणावर रेफिकच्या लक्षात आलं की मावशींच्या बुटांना नाड्याच नाहीत, चिकटपट्ट्या आहेत.

"तुम्ही व्हा पुढे, मावशी."

"मला कुठं घाई आहे, बाळा? माझ्याकडे आज काही काम नाही."

हे त्या टोचायला म्हणाल्या नव्हत्या. टोचायला म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

माथ्यावर वारा असा होता की केकवरची मेणबत्ती पेटवायचा विचारही कुणी केला नाही. दगडांच्या आडोशाला अजून बर्फाचे पट्टे होते. सगळे टोप्या कानांवर ओढून, पाठीला पाठ लावून बसले होते आणि बावीसच्या बावीस माणसं रेफिककडे पाहत होती. त्याने एका मोठ्या खडकामागे शेगडी मांडली. पहिल्यांदा गाळण्यांचं पाकीट उघडलं. वारा जणू त्याच क्षणाची वाट पाहत होता. दोनशे पांढऱ्या गाळण्या पाखरांच्या थव्यासारख्या उठल्या आणि दरीवरून हर्झेगोव्हिनाच्या दिशेने गेल्या. हातात एक राहिली.

"एक पुरते!" रेफिक ओरडला. "धुऊन वापरता येते!"

शेगडी पेटली, किटली चढली, तापमापक बुडाला. आणि नेमका तेव्हा वनरक्षक आला. जाडजूड, लाल नाकाचा, कर्तव्यदक्ष माणूस. रेफिकने विजयी मुद्रेने कागद काढून दिला. वनरक्षकाने तो वाऱ्यात दोन्ही हातांनी ताणून वाचला.

"मांस कुठाय?"

"मांस नाही. कंसात बघा. कॉफी."

"कंसातलं मी बघत नाही. कंसाबाहेर मांस भाजणे लिहिलंय. तुम्ही पाणी तापवताय. पाणी तापवायची परवानगी दाखवा."

"अहो, म्हणजे काय..."

"उद्या तुम्ही म्हणाल घर बांधणे, कंसात डोंगर पेटवणे."

वाद वीस मिनिटं चालला. शेवटी तिहोमिरने आपल्या शिदोरीतलं सॉसेज काढलं, काठीला टोचलं आणि शेगडीच्या कडेला धरून बसला. मुख्याध्यापकी चेहऱ्याने म्हणाला, "हं. भाजतोय." वनरक्षकाचं समाधान झालं. तोही कॉफीची वाट पाहत एका दगडावर बसला. तेवीस.

आता रेफिक तापमापकाकडे वळला. त्र्याण्णव. पाणी खळखळ उकळत होतं. तो थांबला. त्र्याण्णव. त्याने वाऱ्याला पाठ दिली, कोट पसरला, झाकण घट्ट लावलं. पाणी किटलीच्या मानेतून उसळून शेगडीवर पडू लागलं. त्र्याण्णव.

"झालं का रे?" पलीकडून कुणीतरी ओरडलं.

"तीन अंश!" रेफिक ओरडला. "फक्त तीन अंश राहिले!"

"उकळतंय तर!"

"उकळून काय होतंय? शहाण्णव पाहिजे!"

दहा मिनिटं गेली. किटलीतलं पाणी निम्मं झालं, त्याने नवीन ओतलं, पुन्हा सुरुवात. पुन्हा त्र्याण्णव. त्याने तापमापक झटकला, ओठांशी धरून त्याची विनवणी केली. आणि मग एकदम त्याने तापमापक खाली ठेवला.

हा माणूस भूमापन कार्यालयात होता. ब्येलाश्नित्साची उंची दोन हजार सदुसष्ट मीटर, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगणारा. उंचीवर पाणी लवकर उकळतं, जितकं वर जावं तितकं कमी अंशांवर, हे त्याने स्वतः शिकाऊ मोजणीदारांना वर्गात शिकवलेलं. डोंगराची उंची मोजायच्या जुन्या पद्धतींत उकळत्या पाण्यात तापमापक बुडवायचीही एक पद्धत होती. या माथ्यावर पाणी त्र्याण्णवच्या पुढे जाणं शक्यच नव्हतं. दिवसभर उकळलं असतं तरी नाही.

त्याला हे पुरतं समजलं त्याच क्षणी शेगडी फुस्स करून विझली. गॅस संपला होता. एक नळकांडं पुरेल हा हिशोब स्लावकोचा; पण त्या हिशोबात सॉसेज नव्हतं आणि शहाण्णवही नव्हते.

रेफिक खडकामागे गुडघ्यांवर बसून राहिला. पलीकडे बावीस माणसं थंडीत पाय आपटत होती आणि एक वनरक्षक. सकाळी बसमध्ये त्याने ऐकवलेलं वाक्य कुणीतरी परत म्हणालं, "चांगल्या कॉफीची वाट बघावी लागते म्हणे," आणि कुणीतरी हसलं. आपण खडक व्हावं, म्हणजे कुणी हाक मारणार नाही, असं त्याला मनापासून वाटलं.

"हे घे."

हायरिया मावशी त्याच्या मागे, दोन दगडांच्या खोबणीत बसल्या होत्या. समोर स्पिरिटचा काजव्याएवढा दिवा, त्यावर तांब्याचं भांडं. बाजूला दुसरं भांडं झाकून ठेवलेलं. त्याने नंतर हिशोब केला. वनरक्षकाशी वाद चालू असताना त्यांनी मांडामांड केली असणार. वर्षानुवर्षांची सवय म्हणून त्यांनी सामान आणलं होतं. काढायचं नव्हतं. आणलं होतं.

"मावशी, मी..."

"माणसं गारठलीत. ते भांडं इकडे दे."

त्यांनी खिशातून स्वच्छ रुमाल काढला, रेफिकच्या काचेच्या भांड्यावर ताणला आणि त्यातून सावकाश आपली कॉफी गाळली. दोन्ही भांडी. मग पहिलं पुन्हा चढवलं, उकळल्यावर तेही. काचेत ती लालसर, पारदर्शक दिसत होती, अगदी ल्युब्लियानातल्यासारखी. मावशींनी रुमाल पिळला आणि खिशात ठेवला.

"जा. आता यात चिखल नाही," त्या म्हणाल्या.

रेफिक गेला. इथपर्यंत काहीच बिघडलं नव्हतं. आजही तो शपथेवर सांगतो की खडकाला वळसा घालेपर्यंत, "मावशींनी केलीय," हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. पण पहिल्या माणसाने पेला घेतला, डोळे मिटले आणि किंचाळलाच, "रेफिक! अरे, ही कॉफी आहे!" आणि ते वाक्य घशात मागे सरलं. दुसरा म्हणाला, "वाट बघितल्याचं सार्थक झालं." तिसरीने तर त्याच्या गालाचा मुका घेतला. वनरक्षक म्हणाला, "मांसापेक्षा बरी." वाक्य आणखी मागे गेलं. प्रत्येक पेल्यागणिक रेफिक मनात म्हणत होता, पुढच्याला सांगतो, आणि पुढच्याने आधीच्यापेक्षा जास्त स्तुती केलेली असे.

मग लोक सैल सुटले. थंडीत गरम काही पोटात गेलं की माणसं उदार होतात आणि निर्दयही होतात.

"आता कळलं, एकतीस वर्षं आपण काय पीत होतो!"

"मला तर दातांत वाळू यायची."

"मी गुपचूप झुडपात ओतायचो. त्या झुडपांना विचारा!"

हशा पिकला. तिहोमिरने एक पेला भरला आणि अदबीने मावशींपुढे धरला. "घ्या मावशी, आता तुम्हीच सांगा. कॉफी कशाला म्हणतात?"

मावशींनी घोट घेतला. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. रेफिक मात्र आपल्या पेल्यात पाहत होता. पेल्यात आता काही नव्हतं.

"बरी आहे," मावशी म्हणाल्या. "अजून एक कढ चालला असता."

लोक पोट धरून हसले. तिहोमिरने गुंडाळी उलगडली. मंडळाने मावशींच्या सेवेबद्दल सन्मानपत्र छापून आणलं होतं, जाड कागदावर, सोनेरी किनारीचं. आजपासून मावशींना विश्रांती, असं त्याने जाहीर केलं, आणि मंडळाचे कॉफीप्रमुख म्हणून रेफिक. टाळ्या वाऱ्यात विरून जात होत्या तरी वाजत होत्या. मावशींनी सन्मानपत्र घेतलं, घडी घालायला नको म्हणून कोटाच्या आत सरळ उभं ठेवलं आणि उतरताना पूर्ण वेळ एक हात छातीशी धरून चालल्या, कागद चुरगळू नये म्हणून. रेफिक त्यांच्या मागून चालत होता. आता पिशवी हलकी होती. त्याला ती एकोणीस किलोचीच असती तर बरं, असं वाटत होतं.

बसमध्ये त्याला राहवेना. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि तो दांडी धरून उभा राहिला.

"ऐका! ती कॉफी मी केली नव्हती. माझा गॅस संपला होता. ती मावशींची कॉफी होती. त्यांची, नेहमीची, फक्त गाळलेली."

तिहोमिर सद्गदित आवाजात म्हणाला, "याला म्हणतात माणूस! बघा, स्वतःचं श्रेय म्हाताऱ्या बाईला देतोय!"

प्रचंड टाळ्या. "नाही, खरंच!" रेफिक ओरडला. "देवाशपथ!" टाळ्या वाढल्या. एक बाई डोळे पुसू लागल्या. "आमच्या नवऱ्यांना शिकवा जरा," असं कुणी म्हणालं. रेफिकने मावशींकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"मावशी, तुम्ही तरी सांगा!"

"त्याला खाली बसवा कुणीतरी," मावशी म्हणाल्या. "वळण आहे, पडेल."

घरी त्याने मुबेराला सगळं सांगितलं, या वेळी काही न लपवता. मुबेराने त्याच्यावर विश्वास ठेवला. विश्वास ठेवणारं जगात एकच माणूस होतं, आणि तेच सगळ्यांत अवघड गेलं.

"आणि तू बोललास कधी?"

"बसमध्ये."

"म्हणजे माथा, सगळी उतरण आणि दोन वळणं."

"हो."

मुबेराने टेबलावरचा काटा उचलून कपाटात ठेवला, दळणी ठेवली, नरसाळं ठेवलं. त्या दिवशी ते दोघं बऱ्याच आठवड्यांनी टेबलाशी बसून जेवले. दुसऱ्या दिवशी जिन्यात स्लावको भेटला.

"काय शेजारी! ऐकलं मी! शहाण्णव ना?"

"शहाण्णव," रेफिक म्हणाला आणि भराभरा खाली उतरला.

तीन दिवस तो मावशींकडे जायला निघत होता आणि कोपऱ्यावरून परत येत होता. चौथ्या दिवशी, गुरुवारी, गुलाबपाकाच्या वड्यांचा डबा घेऊन तो व्रात्निकमधल्या मावशींच्या गल्लीची चढण चढला. दार मावशींनीच उघडलं. भिंतीवर ते सन्मानपत्र होतं. चौकटीत बसवलेलं. त्याच्या खाली बसायची वेळ आपल्यावर येईल याची रेफिकला कल्पना नव्हती.

त्याने घरून भाषण पाठ करून आणलं होतं. ते तिसऱ्या वाक्याला तुटलं. मग तो नुसताच म्हणाला, "मावशी, मी चुकलो. चिखल म्हणालो ते चुकलोच."

"त्याचा राग नाही मला," मावशी म्हणाल्या. "आमचे हे होते ना, ते तर डांबर म्हणायचे. आणि तीन वाट्या प्यायचे."

"मग?"

"वर सगळे हसत होते, तेव्हा तू पेल्यात बघत होतास. मी तुझ्याकडे बघत होते. एवढंच."

रेफिक मान खाली घालून बसला. चौपन्न वर्षांच्या माणसाचे कानही लाल होऊ शकतात. मावशी उठून आत गेल्या. आतून उकळीचा आवाज आला, मग भांडं दगडी ओट्यावर टेकवल्याचा. त्या तबक घेऊन बाहेर आल्या. एक छोटी वाटी, एक साखरेचा खडा. एकच वाटी. अगदी काठापर्यंत भरलेली, आणि काळीभोर.

रेफिकने ती पाहिली आणि ओळखली. या गावात जन्मलेल्या कुणालाही ओळखू येते. पाहुणा आला की पहिली कॉफी "या" म्हणायची, दुसरी बोलत बसायची, आणि तिसरी, न विचारता पुढे येते ती, "आता उठा" म्हणायची.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "ही तिसरी आहे."

"हो."

"पण मी आत्ताच आलोय."

"पहिल्या दोन तू डोंगरावर प्यालास, बाळा."

रेफिकने साखरेचा खडा दातांत धरला आणि तो कॉफी प्यायला, सावकाश, एकेक घोट, तळातला गाळ जिभेला लागेपर्यंत. इतकी चांगली कॉफी तो आयुष्यात प्यायला नव्हता. हे त्यांना सांगावं असं त्याला फार वाटलं, पण छान, उत्तम, वा, हे सगळे शब्द बावीस माणसांनी त्या माथ्यावर त्याच्याच तोंडावर वापरून संपवले होते. त्याने वाटी तबकात ठेवली, उठला, बूट घातले आणि निघाला.

उताराला तो अर्ध्यावर पोहोचला असेल, तोच वर खिडकी उघडल्याचा आवाज आला. गल्लीतल्या चार बायका, एक भाजीवाला आणि दारात बसलेले दोन म्हातारे असे सगळेच वळून वर बघू लागले.

"रेफिक!" मावशी ओरडल्या. "पुढच्या गुरुवारी लवकर ये. पहिलीला वेळ लागतो!"